दारिद्र्यावर अठरा टक्के

खात्यात पैसे नसणं हा या देशात गुन्हा आहे. गुन्ह्याला दंड आहे. आणि त्या दंडावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी आहे, कारण सरकारच्या लेखी बँकेनं दंड कापणं ही बँकेनं तुम्हाला पुरवलेली 'सेवा' आहे. म्हणजे एकानं आपल्या थोबाडीत हाणायची, हात दुखला म्हणून आपल्याकडंच मजुरी मागायची, आणि त्या मजुरीवर तिसऱ्यानं कर बसवायचा. हिला अर्थव्यवस्था म्हणतात. हिच्या वाढीचे आकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर आरतीसारखे म्हटले जातात.

दोस्तांनो, हा लेख बँकांवर आहे. पुतळ्यावर नाही, कुठल्या गटानं कुठल्या गटाच्या मंचावर खुर्ची पटकावली यावर नाही. आपल्या चळवळीत बँकेवर कुणी बोलत नाही. सभेत 'साम्राज्यवाद' म्हटलं की टाळ्या पडतात, 'एसेमेस चार्ज' म्हटलं की लोक जांभया देतात. साम्राज्यवाद लांब असतो. एसेमेस चार्ज दर तीन महिन्यांनी आपल्या खात्यातून सतरा रुपये सत्तर पैसे घेऊन जातो. पंधरा रुपये बँकेचे, दोन रुपये सत्तर पैसे सरकारचे. कुणाला दिसत नाही, कुणी ओरडत नाही. पाकीटमारसुद्धा एवढ्या सफाईनं काम करत नाही, आणि पाकीटमार सापडला तर त्याला मार तरी खावा लागतो.

आधी सरकारचाच आकडा घेऊ, म्हणजे 'हे पोरं भडकवायला काहीही लिहितात' असं म्हणायची सोय राहणार नाही. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत अर्थखात्यानं लेखी उत्तर दिलं. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी फक्त मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून खातेदारांकडून ८,४९५ कोटी रुपये वसूल केले. यात खाजगी बँका नाहीत. यात एटीएमचे, कार्डाचे, एसेमेसचे पैसे नाहीत. नुसता 'तुझ्याकडं पैसे का नाहीत' या प्रश्नाचा दंड. मिनिमम बॅलन्स ज्याच्या खात्यात राहत नाही तो कोण असतो? कारखानदार असतो? वकील असतो? तो बिगारी असतो, धुणीभांडी करणारी बाई असते, महिन्याच्या वीस तारखेला एटीएमसमोर उभं राहून शंभराची नोट निघते का बघणारा पोरगा असतो. आठ हजार चारशे पंच्याण्णव कोटी त्यांच्या खिशातून आले. ज्यांच्याकडं नाही त्यांच्याकडूनच हे घेतलं, हे घेणाऱ्याचं कसब मानलं पाहिजे.

स्टेट बँकेची गोष्ट तर पाठ करून ठेवण्यासारखी. एप्रिल २०१७ मध्ये तिनं हा दंड पुन्हा सुरू केला. महानगरात किमान पाच हजार ठेवा म्हणाली. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत दंड जमा झाला १,७७१ कोटी. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. आठ महिन्यांचा दंड तीन महिन्यांच्या नफ्याहून मोठा! बोंब झाली, मर्यादा तीन हजारावर आणली, दंड कमी केला, आणि मार्च २०२० मध्ये तो बंद केला. पुढं २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही बंद केला. मग टाळ्या वाजल्या. पेढे वाटायचेच बाकी होते. पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. दंड चुकीचा होता म्हणून बंद केला ना? मग आधी कापलेले पैसे परत द्या की. चोरी थांबवली म्हणून चोराचा सत्कार, आणि चोरलेला माल चोराच्याच घरात.

खाजगी बँकांचा माज वेगळाच. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरातल्या नव्या बचत खात्यांसाठी सरासरी किमान शिल्लक पन्नास हजार जाहीर केली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच पंधरा हजारावर आणली. आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर काय म्हणाले? किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवणं बँकांच्या हातात आहे, ते आमच्या नियमनाच्या कक्षेत येत नाही. म्हणजे पाटलानं विहिरीवर कुणाला येऊ द्यायचं हे पाटलानंच ठरवायचं, तहसीलदाराचा संबंध नाही. पन्नास हजाराची पाटी दारावर लावली की 'महार-मांगांना प्रवेश नाही' असं वेगळं लिहायची गरज उरत नाही. घटनेचं सतरावं कलमही मोडत नाही. अस्पृश्यता आता संगणकात गेली आहे, तिथं तिचं नाव 'कस्टमर सेगमेंट'.

आता आपल्या पोरांचं बोलतो. म्हणजे स्कॉलरशिपचं.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना. ही कुणाची भीक नाही. ती मागून, भांडून, इंग्रजाच्या तिजोरीतून काढलेली आहे. आज बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला तिचा वर्षाचा भत्ता मिळतो ३,००० रुपये. वर्षाचा, महिन्याचा नाही. वसतिगृहात राहणाऱ्याला सहा हजार. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्याला थोडा जास्त, वसतिगृहात असेल तर साडेतेरा हजार. बापाचं उत्पन्न अडीच लाखाच्या वर गेलं की तेही बंद.

तीन हजाराचा हिशोब मांडू. समजा एखाद्या पोरानं पोटाला चिमटा घेऊन ते तीन हजार वर्षभर खात्यात तसेच ठेवले. २०२५ मध्ये मोठ्या बँकांनी बचत खात्याचं व्याज अडीच टक्क्यांवर आणलं. म्हणजे वर्षाचं व्याज ७५ रुपये. एसेमेस चार्ज चार तिमाह्यांचा ७० रुपये ८० पैसे. उरले ४ रुपये २० पैसे. एक वडापाव येत नाही त्यात. वर काही बँकांचा एटीएम कार्डाचा वार्षिक आकार दोनशे, जीएसटी धरून २३६. वर्षाच्या शेवटी तीन हजाराचे झाले २,७६८ रुपये २० पैसे. बँकेत पैसे ठेवले की वाढतात, हे आपल्याला शाळेच्या गणितात शिकवलं होतं. सरळव्याज. ते गणित लिहिणाऱ्या मास्तराला आपल्या पोरांचं खातं दाखवलं पाहिजे.

आणि हे पैसे वेळेवर येत असते तर हा लेखच लिहिला नसता. ते येत नाहीत. वर्ष संपतं, परीक्षा होते, निकाल लागतो, पोरगं पुढच्या वर्गात जातं, आणि मागच्या वर्षाचा हप्ता 'प्रक्रियेत' असतो. माझं स्वतःचं सांगतो. २०१८-१९ सालची माझी स्कॉलरशिप जानेवारी २०२० मध्ये जमा झाली. कॉलेजात कॅम्प लावून एका सरकारी बँकेनं आमची खाती उघडली होती. स्कॉलरशिपसाठी उघडतोय हे मॅनेजरला माहीत, प्राचार्याला माहीत. तरी खातं उघडलं साधं बचत खातं, किमान शिल्लकवालं. आम्हाला कुणी विचारलं नाही, फॉर्म भरून सही तेवढी घेतली. २०१९ चं पूर्ण वर्ष खातं रिकामं. दर तिमाहीला दोनशे रुपये दंड अधिक जीएसटी, असे चार तिमाह्यांचे ९४४. एसेमेसचे ७० रुपये ८० पैसे. जानेवारीत तीन हजार आले आणि त्याच दिवशी १,०१४ रुपये ८० पैसे गेले. हातात १,९८५ रुपये २० पैसे.

मजा बघा. एसेमेसचे पैसे कापले, पण दंड लागणार आहे असं सांगणारा एसेमेस वर्षभरात एकदाही आला नाही.

काउंटरवर गेलो. उत्तर मिळालं, 'सिस्टमनं कापलंय.' हा सिस्टम नावाचा इसम कुठं बसतो, त्याला भेटता येईल का, असं विचारलं तर बाई चिडल्या. 'स्कॉलरशिपवाल्यांनी दोननंतर यायचं.' दोननंतर गेलो तर जेवणाची सुट्टी. तीन वाजता सर्व्हर डाऊन. चार वाजता कॅश बंद.

मग एका मित्रानं रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक शोधून काढलं. त्यात स्वच्छ लिहिलंय. किमान शिल्लक कमी झाली तर आधी ग्राहकाला कळवायचं, शिल्लक भरायला महिना द्यायचा, मगच दंड. आणि नुसत्या या दंडामुळं खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. हे १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. आम्ही अकरा जणांनी एकाच नमुन्याचे अर्ज लिहिले, परिपत्रकाची झेरॉक्स लावली. मॅनेजर म्हणाला, 'खातं कुठं उणे गेलंय? उणे दाखवलंच नाही, फक्त येणं दाखवलंय.' काय बुद्धी आहे! खातं शून्यावर ठेवायचं, कर्ज बाजूच्या वहीत लिहायचं आणि पैसे आले रे आले की झडप घालायची. आमच्या आज्ज्याला सावकार असाच खेळवायचा. फरक एवढाच की सावकाराला निदान आज्ज्याचं नाव माहीत होतं.

अर्ज मागं घेतले नाहीत. पोच घेतल्याशिवाय हललो नाही. बावीस दिवसांनी अकराही खात्यांत ९४४ परत आले. एसेमेसचे आले नाहीत. त्याच शाखेत आमच्या कॉलेजची आणखी किती खाती होती, त्यांना मिळाले का? नाही. ज्यांनी लिहून दिलं त्यांचे दिले, बाकीच्यांचे गिळले. आणि मॅनेजरनं काय विचारलं? 'तुम्ही कुठल्या संघटनेचे?' पैसे चुकीचे कापले होते का, हा प्रश्नच नव्हता त्याच्यापुढं. अंगावर येणारे कोण, एवढंच त्याला बघायचं होतं.

इथं एक कडू गोष्ट लिहिलीच पाहिजे. काउंटरच्या पलीकडं कधी कधी आपलाच माणूस असतो. आरक्षणानं आलेला. घरी बाबासाहेबांचा फोटो, गाडीच्या काचेवर निळं स्टिकर. तो सगळ्यांत ताठ बोलतो. आपलं पोरगं समोर आलं की त्याला घाम फुटतो, शेजारच्या टेबलावरच्या जोशी-कुलकर्ण्यांना काय वाटेल म्हणून. भाऊ, तुझी खुर्ची ज्या भांडणातून आली त्याच भांडणातून या पोराची स्कॉलरशिप आलीय. तू त्याला चार नियम समजावून सांगितलेस तर तुझी बढती अडत नाही. आणि खाजगी बँकेत तर आरक्षणच नाही, तिथं काउंटरपलीकडं आपलं कुणी भेटण्याचा प्रश्न जवळजवळ मिटलेलाच आहे.

खातं 'फ्रीज' होणं हा दुसरा छळ. शाळेत असताना अज्ञान म्हणून खातं उघडलेलं असतं. अठरा पूर्ण झाले की नवं केवायसी मागतात, तोवर व्यवहार बंद. पोरगं पुण्यात किंवा मुंबईत शिकतंय, खातं परभणी-लातूरकडं तालुक्याच्या शाखेत. इथली शाखा म्हणते, होम ब्रँचला जा. एका सहीसाठी दोन रात्री एसटीत आणि दोन दिवसांची मजुरी बुडीत. पोरगं रविवारी केटरिंगला जातं, त्याची ती कमाई. आणि नियम काय आहे? जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं लिहून दिलंय की बंद पडलेलं खातं चालू करायला केवायसीची सोय त्या बँकेच्या सगळ्या शाखांत असली पाहिजे, होम ब्रँच असो नसो. त्याआधी १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात, जे एप्रिल २०२४ पासून लागू झालं, असंही लिहिलंय की स्कॉलरशिप किंवा सरकारी योजनेच्या पैशासाठी उघडलेलं शून्य शिल्लक खातं दोन वर्षांहून जास्त काळ वापरलं नाही तरी निष्क्रिय ठरवायचं नाही. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावायचा नाही, ते चालू करायला पैसे घ्यायचे नाहीत. नियम इतके गोड आहेत की वाचताना रडू येतं. नियमाचा कागद मुंबईत फोर्टमध्ये असतो आणि काउंटर आपल्या वाट्याला असतं. मधल्या अंतराला जात म्हणतात.

पैसा थेट खात्यात, मधले दलाल गेले, असा डंका आहे. गेले? मॅट्रिकोत्तरचं सूत्र बदललं, केंद्राचा साठ टक्के वाटा आता विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली फी त्यानं कॉलेजला नेऊन भरायची. पैसा उशिरा आला की कॉलेज मार्कशीट अडवतं, टीसी अडवतं. खातं फ्रीज असेल तर दोष पोराचा. पैसा आधारशी जोडलेल्या शेवटच्या खात्यात जातो, आणि ते खातं कोणतं हे बऱ्याचदा पोरालाच माहीत नसतं. २०१७ सालची भानगड आठवा. सिमकार्डासाठी अंगठा घेतला आणि त्याच अंगठ्यावर एअरटेल पेमेंट्स बँकेत लोकांची खाती उघडली, न विचारता. गॅसची सबसिडी भलत्याच खात्यात जायला लागली. लोक डीलरशी भांडत बसले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्या बँकेला पाच कोटी दंड केला. पाच कोटी! लोकांच्या अंगठ्याची किंमत. बाबासाहेबांनी आपल्याला अंगठ्यावरून सहीवर आणलं, आणि यांनी आपल्याला सहीवरून पुन्हा अंगठ्यावर नेलं.

आता ओव्हरड्राफ्टचं. हा शब्द आपल्या वस्तीत फार कुणाला ठाऊक नाही, कारण ती वरच्यांची चीज. खात्यात नसलेले पैसे बँकेनं काढू द्यायचे, नंतर भरून घ्यायचे. जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये आली तेव्हा पाच हजारापर्यंत ओव्हरड्राफ्ट देऊ म्हणाले, २०१८ मध्ये दहा हजार केला, दोन हजारापर्यंत तर अट नाही असं जाहीर झालं. तुमच्या वस्तीत किती जणांना मिळाला, विचारून बघा. मी माझ्या चाळीत विचारलं. एका म्हातारीनं मलाच विचारलं, 'ते कोणतं इंजेक्शन?'

पण खरी गंमत पुढं आहे. ओव्हरड्राफ्ट चालूच आहे, फक्त तो उलटा आहे. चौदा महिने स्कॉलरशिप उशिरा येते म्हणजे काय? फीचे पैसे पोराच्या बापानं मुकादमाकडून उचल घेऊन भरलेत, मेसचे पैसे उधारीवर चाललेत, पुस्तकं मित्राची. सरकारनं जे द्यायचं ते सरकार देत नाही आणि त्याच्या जागी आपण घालतो. म्हणजे सरकारला बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट आपण दिलाय. देशातली सगळ्यांत गरीब पोरं देशाच्या तिजोरीला कर्ज देतात. आणि वर त्याच मुदतीचा दंड भरतात. यावर कुणी अर्थशास्त्रज्ञ अग्रलेख लिहीत नाही.

वरच्यांचं काय होतं तेही बघा. मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं, २०१४-१५ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटींची थकीत कर्जं निर्लेखित केली. लगेच कुणी टाय घातलेला उठेल आणि म्हणेल, निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते. बरोबर. कागदावर राहते. मग आमचेही ९४४ निर्लेखित करा की, वसुली चालू ठेवा, आम्ही कुठं पळतोय. त्यांचं कर्ज वहीतून काढलं जातं आणि आमचा दंड वहीत लिहून ठेवला जातो. दोन वह्या आहेत. मनूच्याही दोनच होत्या.

'बँक चालवायला खर्च येतो, कुणीतरी भरायलाच हवा' असं आपलीही काही शिकलेली पोरं म्हणतात. एम.बी.ए. झाली की हा रोग होतो. खर्च येतो, मान्य. पण स्कॉलरशिपचा, पगाराचा, पेन्शनचा पैसा बँकेत अडीच टक्क्यांनी पडून असतो आणि बँक तोच दुप्पट-तिप्पट दरानं बाहेर देते. खर्च तिथून निघतो. शिवाय १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारी केल्या, १९८० मध्ये आणखी सहा, त्या नफ्यासाठी नव्हत्या केल्या. बँक गरिबाच्या दारात जावी म्हणून केल्या होत्या. ती दारात आली खरी, पण ताट घेऊन.

आणि मूलभूत बचत खातं म्हणजे तरी फुकट होतं का? रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्ये हे शून्य शिल्लकेचं खातं आणलं, महिन्यात चार वेळा पैसे काढायची मुभा. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की स्टेट बँकेनं या गरीब खात्यांवर चारच्या वरच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावून २०१५ ते २०२० या काळात तीनशे कोटींच्या वर गोळा केले. डिजिटल व्यवहारालासुद्धा. एकीकडं जाहिरात, मोबाइलवरून पैसे द्या; दुसरीकडं दिले म्हणून दंड. प्राध्यापकांनी केलं ते काम. आपल्या कुठल्या सेनेनं, कुठल्या गटानं केलं? साहेब लोक आमदारकीच्या रांगेत होते.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण देतो, उगाच नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना बँका बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. बाहेरून गेलेल्यांना बहुतेक नाही, म्हणजे आपली राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर गेलेली पोरं हप्ता लांबला की तिथंही उपाशी. तर २००७ मध्ये एचएसबीसी बँकेनं ठरवलं की पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या दीड हजार पौंडांपर्यंतच्या ओव्हरड्राफ्टला व्याज लावायचं. तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेनं मोहीम काढली, फेसबुकवर हजारोंनी नावं नोंदवली, खाती हलवायची धमकी दिली. ऑगस्ट संपायच्या आत बँक वाकली. आणि त्याच देशात बँकांच्या ओव्हरड्राफ्ट दंडाविरुद्धचा मोठा खटला नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तिथं बँका जिंकल्या. कोर्टात हरले, खाती उचलायच्या धमकीनं जिंकले. आपल्यात जे प्रत्येक गोष्टीला 'याचिका टाकू' म्हणतात त्यांनी हे नीट वाचावं.

बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर हेही लक्षात घ्या की तो माणूस चलनाचा अभ्यासक होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी साक्ष दिली, त्याच आयोगानं देशाला मध्यवर्ती बँक हवी म्हणून शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर. त्यातले कुणी किमान शिल्लक म्हणून कापले असते तर काय झालं असतं? पण आपण त्यांचा अर्थशास्त्रज्ञ मारून टाकला आणि फक्त निळा कोट ठेवला. १४ एप्रिलला बँकेला सुट्टी, शाखेत फोटोला हार. १५ एप्रिलला सिस्टम कामावर.

तेव्हा घोषणा नंतर देऊ, आधी कागद काढा. या महिन्यात प्रत्येकानं आपल्या खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट घ्यायचं. लाल पेनानं प्रत्येक कापलेल्या रकमेवर खूण करायची. एसेमेस, कार्ड, शिल्लकेचा दंड, शिल्लक नसताना एटीएमला कार्ड घातलं म्हणून लावलेला दंड, सगळं. स्कॉलरशिपसाठी उघडलेलं खातं साधं बचत खातं असेल तर ते मूलभूत बचत खातं करून द्या असा अर्ज द्यायचा. तसं मागायचा हक्क आहे, मॅनेजरची मेहेरबानी नाही. दंड कापला असेल तर २०१४ चं परिपत्रक लावून परत मागायचा. खातं निष्क्रिय केलं असेल तर १ जानेवारी २०२४ चं लावायचं. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख, सही. तोंडी बोलायचं नाही, बाई-साहेबांशी वाद घालायचा नाही, पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. त्याला फी नाही, वकील नको. एकट्यानं जाऊ नका. अकरा जण जा. एकट्याला ते 'सिस्टम' सांगतात, अकरांना मॅनेजर स्वतः उठून भेटतो.

आणि खूण केलेल्या स्टेटमेंटची एक प्रत, खाते क्रमांकावर काळी पट्टी मारून, आमच्याकडं द्या. किती खाती, किती रुपये, कुठली शाखा, सगळं एका तक्त्यात मांडून त्या त्या बँकेच्या विभागीय कार्यालयावर नेऊ. स्टेटमेंट द्यायला पैसे मागितले तर ती रक्कमही तक्त्यात लिहा. जीएसटीसकट.